शंभर नंबरचा जेट

पितळेचा एक बारका स्क्रू असतो, हरभऱ्याएवढा. त्याच्या पोटातून आरपार एक भोक गेलेलं असतं, सुईच्या टोकासारखं. गाडीचं पेट्रोल या भोकातून जातं आणि किती जायचं ते हे भोकच ठरवतं. याला जेट म्हणतात. माझं आख्खं आयुष्य या भोकात गेलं, असं आमची मंडळी म्हणते. चाळीस वर्षांत तिच्याशी मी ज्या मोजक्या गोष्टींवर भांडलो नाही, त्यातली ही एक.

नागपूरच्या जरीपटक्यात, कापडाच्या दुकानांच्या मागच्या गल्लीत माझं टिनाचं शेड होतं. अजून आहे, पण आता त्यात पुतण्या मोबाइलची कव्हरं विकतो. मी तिथे फक्त कार्बोरेटर करायचो. पंक्चर नाही, ब्रेक नाही, ऑइल बदलणं नाही. कोणी म्हटलं, "मेश्रामभाऊ, जरा चेनही टाइट करून द्या ना," तर मी त्याला समोरच्या दुकानाकडे बोट दाखवायचो. माज होता म्हणा. पण एकाच कामासाठी माणसं गावाच्या चारी टोकांवरून येतात आणि उन्हात स्टुलावर बसून राहतात, तेव्हा थोडा माज येतोच.

ज्यांना यातलं काही माहीत नाही त्यांना सांगतो. इंजिन नुसतं पेट्रोल पीत नाही. हवेत मिसळलेलं पेट्रोल पितं, आणि ते मिसळायचं भांडं म्हणजे कार्बोरेटर. वरणात मीठ पडतं तसा हा हिशेब आहे. पेट्रोल जास्त झालं की गाडी जड चालते, काळा धूर सोडते. कमी झालं की इंजिन तापतं, उचक्या देतं, आणि अ‍ॅक्सिलरेटरची मूठ सोडली की सायलेन्सरमधून फट् असा आवाज येतो. आत दोन जेट असतात. लहान भोकाचा पायलट जेट, गाडी हळू चालते तेव्हाचा. मोठ्या भोकाचा मेन जेट, पळते तेव्हाचा. प्रत्येकावर नंबर कोरलेला असतो, भोक मोठं तसा नंबर मोठा. जेट बदलायचे, हवेचा स्क्रू पाव-पाव फेरी फिरवायचा, कान लावून बसायचं, परत फिरवायचा. बस, एवढंच काम. करायला बसलात तर मात्र संध्याकाळ कधी झाली ते कळत नाही.

मी हे करीमचाचांकडे शिकलो. मोमिनपुऱ्यातला माणूस, बोलणं कमी, पान जास्त. त्यांचे नियम दोनच होते. पहिला, काढलेला जुना पार्ट कागदाच्या पुडीत बांधून गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचा. तो त्याचा आहे, आपला नाही. दुसरा, जेट धुतल्यावर डोळ्याला लावून आभाळाकडे धरायचा. भोकातून आभाळाचा ठिपका स्वच्छ दिसला तरच तो गाडीत जाणार. मी जेट वर धरला की चाचा पाठीमागून विचारायचे, "आसमान दिखा?" दिखा म्हटलं की ते पुढच्या कामाला लागायचे. ते गेल्यावरही मी जेट वर धरला की मला मागून तो आवाज यायचा. अजून येतो.

आता गिऱ्हाइकांचं सांगतो. सगळ्यांना एकच पाहिजे असायचं, जोर. पोट्टे यायचे, "भाऊ, आवाज असा करा का चौकातला माणूस वळून पाहिला पाहिजे." एक भिवापूरचा मिरचीवाला जुनी जीप घेऊन यायचा. त्याच्या साळ्याकडेही तशीच जीप होती आणि दोघांच्या जीपमध्ये उमरेड रोडवर काय व्हायचं ते मी कधी विचारलं नाही. दर वेळी म्हणायचा, "एक नंबर अजून वाढवा." मी वाढवायचो. शेवटी ती जीप पेट्रोल पीत नव्हती, सांडत होती, पण तो खूश होता. मीही खूश होतो. या शहराला मी किती आवाज दिला असेल, त्याचा विचार तेव्हा मनात येत नव्हता. आमची आई शेवटच्या दुखण्यात घरी पडून होती, तेव्हा खालून एक मोटरसायकल फाडफाड करत गेली. आई दचकली आणि मी आवाजावरून ओळखलं की ती माझ्याच हातची गाडी आहे. हे मी घरात कोणाला सांगितलं नाही. आज लिहून राहिलो.

मग इंजेक्शनच्या गाड्या आल्या. त्यात कार्बोरेटरच नाही, कॉम्प्युटर हवा मोजतो. वाईट वाटलं का विचाराल तर वाटलं. पण तो कॉम्प्युटर चांगलं काम करतो हेही खरं आहे. माझं स्टूल रिकामं राहू लागलं. दुपारी मी शेडमध्ये पोत्यावर आडवा व्हायचो, रस्त्यावरून जाणाऱ्या गाड्या डोळे मिटून ऐकायचो आणि कोणाचा पायलट चोंदला, कोणाचा स्क्रू जास्त उघडा, ते मनात लावत झोपून जायचो.

अशाच एका मे महिन्याच्या दुपारी गल्लीच्या तोंडाशी टेम्पो थांबला. त्यात चार फुगीर चाकांची एक एटीव्ही उभी होती. एटीव्ही म्हणजे मोटरसायकलचं हँडल आणि ट्रॅक्टरचा स्वभाव. रिसॉर्टमध्ये पोरं धुळीत फिरवतात ती. सोबत डोक्याला पांढरा दुपट्टा बांधलेल्या, साठी ओलांडलेल्या एक बाई उतरल्या. मी म्हटलं, नातवाची असेल.

"माझीच हाय," त्या म्हणाल्या. "बंद पडलेल्या एका पार्कमधून घेतली. चालते, पण लय खोकलते. मले जोर नाही पाहिजे भाऊ. जोर कमी करून द्या, आवाज कमी करून द्या. पायी चालल्यासारखी चालली पाहिजे."

चाळीस वर्षांत हे मला कोणी मागितलं नव्हतं. "काहून?" मी विचारलं.

"पाखरं उडतात," त्या म्हणाल्या.

मग त्यांनी पाणी मागितलं, स्टुलावर बसल्या आणि सगळं सांगितलं. नाव शेंडे बाई. रामटेकच्या अलीकडे एका गावात शाळेवर चित्रकला शिकवायच्या, आता रिटायर. गावाला लागून तलाव आहे. थंडीत तिथे कादंब उतरतात, हंसाच्या जातीचे, डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले, हिमालय ओलांडून येणारे. बाईंनी आयुष्यभर तेच काढले आणि पोरांकडून काढून घेतले. पण पाहिले नेहमी तलावाच्या पाळीवरून, दुर्बिणीतून, लांबून. पाणी मागे सरकलं की काठाला काळा चिखल उरतो, त्यात माणूस मांडीपर्यंत फसतो. फसला नाही तरी पाखरं माणसाच्या दोन पायांना भितात. म्हशीला भीत नाहीत, हळू चालणाऱ्या गाडीलाही फार नाही.

"हिची चाकं चिखलात फसत नाहीत, हे मी पाहून ठेवलं," बाई म्हणाल्या. मग त्यांनी चष्मा काढला. "आणि माझ्या डोळ्याचं असं हाय. बुबुळावर डाग पडून राहिले, वाढून राहिले. ऑपरेशनले नंबर लावला. तो कधी येईन, आला तरी किती दिसन, डॉक्टर सांगत नाही. येणारा हिवाळा हाताशी आहे असं समजा. त्याच्या पुढच्याचं मले माहीत नाही. एकदा त्याले जवळून पाहू द्या मले. त्याचा डोळा पाहाचा आहे."

मी हो म्हटलं.

मी त्या कामात असा घुसलो की मंडळी डबा घेऊन शेडपर्यंत येऊ लागली. जोर वाढवणं सोपं असतं. इंजिनाला हळू, गोड चालवणं म्हणजे बापा, वेगळीच गोष्ट. जुनं पेट्रोल आत गुळासारखं चिकटलं होतं. सगळं खोललं, धुतलं, प्रत्येक भोक आभाळाकडे धरलं. हवेच्या डब्यात फोम बदलला, सायलेन्सरमध्ये जाळी भरली, मुठीची वायर अशी ढिली केली की गाडी झटका घेणार नाही. तरी हळू चालताना ती जड श्वास घ्यायची. प्लग काढला तर काळा. म्हणजे पायलट जेटमधून पेट्रोल जास्त येतं. त्या चिनी कार्बोरेटरच्या जेटचे आटे वेगळे, माझ्या डब्यातला एकही पायलट बसेना. शेवटी एका भंगार मोपेडचा, एक नंबर लहान, तेवढा बसला. आणि काय सांगू, इंजिन असं चालू लागलं की जसं कोणी बाजूच्या खोलीत सुपारी कातरून राहिलं. शेडच्या लोखंडी आडव्यावर एक पारवा दुपारी झोपायला यायचा. मी इंजिन चालू केलं, मूठ दिली, सोडली. पारवा हलला नाही. मी म्हटलं, मेश्राम, पास.

बाई न्यायला आल्या तेव्हा मी काढलेला जुना पायलट जेट पुडीत बांधून त्यांच्या हातात दिला. हे काय म्हणून विचारलं, तर काढलेल्या पार्टचा चाचांचा नियम सांगितला आणि पुडी उघडून जेट आभाळाकडे कसा धरायचा तेही दाखवलं. त्यांनी डोळ्याला लावला आणि बराच वेळ खाली घेतला नाही. मला वाटलं, चित्रकलेच्या बाई आहेत, गंमत वाटली असेल.

मे गेला. पाऊस गेला. दिवाळीही गेली. डिसेंबरात एका सकाळी मंडळीने फोन माझ्या पुढ्यात धरला. बाईंनी काही बोलून पाठवलं होतं. आधी नुसतं इंजिन ऐकू आलं. माझं इंजिन. मग मूठ सुटल्याचा तो क्षण आणि फट्. लगेच दुसरं, फट्. त्याच्यामागे एक आवाज उठला, मोठा होत गेला, आणि खूप वेळ संपलाच नाही.

"टाळ्या वाजवून राहिले का कोणी?" मंडळीने विचारलं.

टाळ्या नव्हत्या. पंख होते. शेकडो पंख पाण्यावरून उठत होते. शेवटी बाईंचा आवाज आला, रागाचा नाही, थकलेला. "ऐकलं ना भाऊ? चार दिवस झाले, हेच चालू हाय. पाखरं आता पलीकडच्या काठाले बसून राहिले. अजून दोनदा असं झालं तर तलाव सोडून जातीन."

तो आवाज मी दिवसभर ऐकला. पुन्हा पुन्हा लावायचा, डोळे मिटायचे. काय चुकलं ते पहिल्या वेळीच कळलं होतं. चूक इतकी साधी होती की मला स्वतःची लाज वाटली. तापलेली हवा पातळ असते, थंड हवा दाट. मे महिन्यात टिनाखाली जी गाडी जास्त पेट्रोल पिते, तीच डिसेंबरच्या पहाटे उपाशी राहते. तिला मी आणखी लहान जेट बसवून दिला होता. नागपूरचा कुठलाही जुना मेकॅनिक हे झोपेतही सांगेल. माझी जुनी गिऱ्हाइकं दर दिवाळीच्या सुमारास यायची, कार्बोरेटरच्या स्क्रूची अर्धी फेरी आत करून घ्यायला. आम्ही त्याला 'थंडीची फेरी' म्हणायचो. चहा प्यायचा, फेरी मारायची, होळीनंतर परत बाहेर. गिऱ्हाइकं संपली आणि त्यांच्यासोबत ती फेरीही माझ्या डोक्यातून गेली. बाईंना मी ते सांगितलंच नाही. मी पारव्याला पास विचारत बसलो.

मी आयुष्यात कधी गाडीकडे गेलो नव्हतो, गाडी माझ्याकडे यायची. पण या गाडीला जिथली थंडी, तिथेच दुरुस्त करायला पाहिजे होतं. मी जेटचा डबा, पाने, थोडी जुनी ट्यूब पिशवीत टाकली आणि रामटेकच्या बसमध्ये बसलो. मंडळीने विचारलं, "आता या वयात कायले?" मी म्हटलं, "चूक माझी हाय." त्यावर तिने स्वेटर काढून दिला.

फाट्यावर बाई स्वतः एटीव्ही घेऊन उभ्या होत्या. गावातली कुत्रीसुद्धा त्या गाडीकडे मान वळवत नव्हती, इतकी सवय झाली होती. त्यांचं घर दोन खोल्यांचं, पुढे अंगण, अंगणात धानाचा पेंढा. आतल्या भिंतींवर चित्रंच चित्रं. उडणारे कादंब, उतरणारे, पाण्यात चोच बुडवलेले. सगळ्यांच्या डोक्यावर दोन काळे पट्टे आणि डोळ्याच्या जागी काळ्या शाईचा एक गोल ठिपका. मला चित्रातलं काही कळत नाही, पण त्या खोलीत जेवताना मला सारखं वाटत होतं की कोणी तरी मागे उभं आहे. माझी चूक आणि थंडीची फेरी मी बाईंना जेवतानाच सांगितली. रात्री बाई शेजारच्या वहिनींकडे झोपायला गेल्या आणि मी त्या पाखरांच्या मधे झोपलो. झोपेत मला पंख ऐकू येत होते, मधूनच करीमचाचा पान थुंकत होते, आणि मी कुठला तरी जेट शोधत होतो जो हातातून पाण्यात पडला होता.

पहाटे उठलो तर अंगणातला पेंढा दवाने ओला. बोटं कडक झालेली. इंजिन चालू केलं, हवेचा स्क्रू अर्धी फेरी आत केला. मूठ दिली, सोडली. फट्. अजून आत. फट्. पूर्ण आत गेला, त्याच्या पुढे जागा नाही, तरी फट्. म्हणजे स्क्रूचं काम नव्हतं. जेटच मोठा पाहिजे. माझ्या डब्यातले पायलट बसणार नाहीत हे मला माहीत होतं. बसणारा एकच होता, जो मी काढला होता.

"बाई, ती पुडी कुठं हाय? मे महिन्यात दिली होती ती?"

बाईंनी गळ्यातला एक काळा दोरा ओढून बाहेर काढला. टोकाला माझा जेट होता.

"यातून दिसते भाऊ," त्या म्हणाल्या. "तुम्ही आभाळ पाहाले सांगितलं ना, त्या दिवशी समजलं. नुसत्या डोळ्यानं सगळं पसरते, धुकं धुकं. यातून पाहिलं का एवढंसंच दिसते, पण साफ दिसते. अंधारं दिसते, पण साफ. पेपर वाचते मी यातून. एक-एक अक्षर."

त्या तो काढायला लागल्या. दोऱ्याची गाठ सुटेना. हात थांबला. दोरा त्यांनी तसाच डोक्यावरून काढला. मग म्हणाल्या, "घ्या. पाखरू महत्त्वाचं."

मी त्यांच्या हातातला दोरा घेतला. मला वाईट वाटलं आणि त्याच्याबरोबर हसूही आलं, कारण मी कार्बोरेटरवाला आहे आणि माझ्या पिशवीत भोकांनी भरलेला डबा होता. पायलट जेटचं भोक सगळ्यात बारीक. त्यातून उजेड कितीसा येणार. "बसा," मी म्हटलं. "खाटेवर बसा बाई, तोंड उजेडाकडे करा."

पूर्वेला लाल होऊन राहिलं होतं. मी डबा उघडला आणि मेन जेट एकेक करून त्यांच्या हातात देऊ लागलो. समोर कॅलेंडर टांगलं.

"हा कसा? ऐंशी."

"अंधारं हाय थोडं."

"हा? पंच्याण्णव."

"हा चांगला."

"आता हा. शंभर."

बाईंनी तो लावला आणि हनुवटी वर केली. "अगंबाई," त्या हळूच म्हणाल्या. "उजेड आला."

"एकशे दहा पाहा."

"नाही. परत पसरते. मांगचाच द्या."

मी पहिल्यांदाच कोणाच्या डोळ्याची जेटिंग करून राहिलो होतो, पण हिशेब तोच होता. कमी झालं की अंधार, जास्त झालं की धुकं. मग त्यांची जुनी दुर्बीण मागितली. सायकलच्या ट्यूबचा गोल तुकडा कापला, बरोबर मध्यावर छेद दिला, त्यात शंभर नंबर बसवला आणि ती रबरी टोपी दुर्बिणीच्या एका डोळ्यावर ओढून चढवली. सरकू नये म्हणून वरून दोरा गुंडाळला. तो त्यांच्याच गळ्यातला होता.

मग गाडीतला मोपेडचा जेट काढून खाटेवर ठेवला आणि त्यांचा जेट परत जागेवर बसवला. आधी धुतला, फुंकला आणि आभाळाकडे धरला. आभाळ दिसलं. इंजिन चालू केलं, स्क्रू दीड फेरी उघडला, मूठ दिली, सोडली. काहीच नाही. पुन्हा दिली, पुन्हा सोडली. इंजिन खाली आलं आणि सुपारी कातरल्यासारखं चालत राहिलं.

"चला," बाई म्हणाल्या, "उन्ह यायच्या आत."

त्या चालवत होत्या, मी मागे डबा मांडीवर घेऊन बसलो होतो. कापलेल्या धानाच्या बांध्यांमधून, मग पाळीवरून खाली, मग त्या काळ्या चिखलावर. धुकं इतकं की पाणी कुठे सुरू होतं ते कळत नव्हतं. चाकाखाली चिखल हळूच दबायचा आणि परत वर यायचा. झोपेत चालावं तसं आम्ही जात होतो. मग समोर धुक्यात राखाडी ढेकळं दिसू लागली. ढेकळांना माना होत्या.

बाई थांबणार होत्या. म्हणजे मूठ सोडणार होत्या. मी डोळे गच्च मिटले. चाळीस वर्षांत हजारो गाड्या केल्या, पण एकीच्या बाबतीतही तिच्या आवाजावर दुसऱ्याचं इतकं काही अवलंबून नव्हतं. मूठ सुटली. वेग उतरला. मी वाट पाहिली. टुक टुक टुक. नुसतं टुक टुक. मी डोळे उघडले तेव्हा सगळ्या माना वर होत्या. मग एक खाली गेली. मग दुसरी. एक पाखरू तर आमच्याकडे दोन पावलं चालत आलं.

बाईंनी दुर्बीण लावली. किती वेळ गेला माहीत नाही. धुक्यात वेळ कळत नाही. त्यांचे खांदे हलले तेव्हा मला वाटलं, थंडी वाजते. मग दिसलं की त्या रडत होत्या, दुर्बीण खाली न घेता.

"भाऊ," त्या अगदी हळू म्हणाल्या, "त्याचा डोळा काळा नाही हो."

"मंग?"

"तपकिरी हाय. चहासारखा. मधात काळा ठिपका, अन् भवताल तपकिरी." मग म्हणाल्या, "चाळीस वर्षं मी काळा काढून राहिली होती. पोरांकडूनही काळाच काढून घेतला. एका पोरीनं एकदा तपकिरी रंगवला होता. मी तिचे मार्क कापले."

मी म्हटलं, "मी पण मे महिन्यात थंडीची गाडी केली." त्या रडता रडता हसल्या, आणि तरी एकही पाखरू उडालं नाही.

घरी आल्यावर मला भाकर आणि वांग्याची भाजी वाढून बाई आतल्या खोलीत गेल्या. निघताना फाट्यापर्यंत सोडायला आल्या. बस आली तेव्हा त्यांनी माझ्या हातात एक पुडी ठेवली.

"हा तुमचा मोपेडचा जेट. काढलेला पार्ट ज्याचा त्याले परत द्यायचा असते ना," त्या म्हणाल्या. "अन् दिवाळीले मी फोन करीन. फेरी माराले या."

मनसर मागे गेल्यावर मी पुडी उघडली. चित्रकलेचा जाड कागद होता. आत जेट होता आणि कागदाच्या आतल्या बाजूला कादंबाचं डोकं होतं, रुपयाएवढं. दोन पट्टे आणि तपकिरी डोळा. रंग वाळायच्या आत बाईंनी घडी घातली होती. तो थोडा पसरला होता आणि जेटच्या भोकात गेला होता.

सवयीने मी जेट बसच्या खिडकीतून आभाळाकडे धरला. काहीच दिसलं नाही, भोक रंगाने बंद झालं होतं. खिशात रुमाल होता, फुंकर मारली असती तरी तो मोकळा झाला असता. आयुष्यात पहिल्यांदा मी एक जेट साफ न करता पुडीत परत बांधला.